वाकाताय

हिंदुरावनं बी आणलं ते रिळाच्या रिकाम्या डबीत,
मोजे आणि पगाराच्या पावत्यांखाली दडवून.
जहाजावर सतरा वर्षं कांदा चिरलेला माणूस,
त्यानं अत्तर आणलं नाही, घड्याळ नाही,
चिमूटभर काळ्या सुया आणल्या.
म्हणाला, पेरू देशातलं आहे.
म्हटलं, पेरू असते तर खाल्ले तरी असते.
नाव काय?
"वाकाताय."
"कोण वाकतंय?"

हरिपुरात, संगमाच्या वरच्या अंगाला,
हळदीच्या सरीकडेला फेकलं.
दसऱ्याला छातीला लागलं, दिवाळीला डोक्यावर.
फूल म्हणाल तर नखाएवढं, पिवळट,
कुठल्या देवाला वाहायचं तेही ठरेना.
पण पान चुरगाळलं की
तोरणातला शिळा झेंडू,
मागनं पुदिना, त्याच्या मागनं कैरीची साल,
आणि आणखी एक काहीतरी,
त्याला आपल्यात शब्द नाही.
कृषी सहायक म्हणाला, तण आहे, उपटा.
मुमताजच्या शेळीनं हुंगलं, तोंड फिरवलं.

एका रविवारी दगडू भोयानं मरळ दिली,
अजून शेपूट आपटणारी.
हिंदुरावनं पाटा दोनदा धुवायला लावला.
"जिऱ्याचा वाससुद्धा नको, आक्का."
पानं, लसूण, हिरवी मिरची, खडेमीठ.
मरळीच्या कुशीला तिरक्या चिरा,
चिरांत त्याचं हिरवं बोट.
बाभळीचे निखारे, पोल्ट्रीवाल्याची जुनी जाळी.
धूर शेवग्यापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला.
मी हळदीच्या गावची.
जन्मभर माशाला हळद लावली.
त्या दिवशी मासा पिवळा नव्हता
आणि तरी मासाच होता.
काटे काढताना कुणी बोललं नाही.

पुढच्या श्रावणात कृष्णा घरात आली,
चार दिवस राहिली,
जाताना डबी घेऊन गेली.
हिंदुराव तेव्हा कुठल्याशा खाडीत, रेंजच्या बाहेर.
त्याला कळवलं ते फक्त भांड्यांचं.

आता अंकलीच्या पुलाखाली, गाळात,
जिथं तिथं नखाएवढं फूल.
लोक शिव्या घालतात, कुठनं आलं हे म्हणून.
मी गप्प.
सगळी पांगली की बुट्टी घेऊन उतरते,
पदर खोचून, चिखल पिंढरीपर्यंत.
वरनं पुलावरचं कुणीतरी हटकतं,
"मावशी, काय हुडकायला एवढ्या वाकताय?"

व्हय, म्हणते मी.
वाकाताय.