शेहेचाळीस किलो

नेरूळच्या रिंकवर आधी झाडू मारायचा.
खाडीवरून वारा बारीक रेती आणायचा,
डोळ्यांना दिसायची नाही, चाकाखाली आली की कळायची.
भालचंद्र डावीकडून, मी उजवीकडून,
मधे भेटलो की केराचा ढीग
आणि सकाळचे पावणेसहा.

तो करावे गावचा. होड्या ओढून खांदे झालेले,
बोलायला कंजूष.
माझे बाबा सिडकोत ड्राफ्ट्समन.
त्यांनी एकदा आमच्या लिफ्टचा आराखडा काढला
ट्रेसिंग पेपरवर: बाण, कोन,
माझ्या जागी एक आयत,
आत सुबक अक्षरांत, भार ४६ कि.

अकरा वर्षं मी तो आयत होते.

उचलण्याआधी तो फक्त "हं" म्हणायचा.
त्या "हं"वर मी जमीन सोडली
पुण्यात, चंडीगडला, विशाखापट्टणमला,
नवरात्रीचे घागरे शिवणाऱ्या टेलरच्या पोशाखात.
टिकल्या भालच्या शर्टाला चिकटून घरी जायच्या
आणि त्याची आई विचारायची,
ही खवलां कंच्या मावऱ्याची रं?

जोडी म्हटलं की लोक अक्षता शोधतात.
माइकवरचा निवेदकसुद्धा जरा हसून नावं घ्यायचा.
भाऊ म्हणावं तर राखी कधी बांधली नाही.
दुसरं काही म्हणावं, तर
माझा घोटा, माझं मनगट, कुठली बरगडी दुखरी
हे त्याला पाठ,
वाढदिवस मात्र दर वर्षी विसरायचा.

गिरकीत माझं डोकं जमिनीपासून चार बोटं.
केसांनी सिमेंट झाडत मी फिरायचे
आणि खालून दिसायची त्याची हनुवटी,
टोकाला घामाचा थेंब,
पडू की नको करत.

बर्फ एकदाच.
दिल्लीजवळच्या मॉलात, रात्री साडेअकराला,
तासाचं भाडं दोन्ही घरांनी निम्मं निम्मं घातलेलं.
चाकांची सवय पात्यांना कळेना.
भाल सात वेळा आपटला,
मग बसल्या बसल्या चिमूटभर बर्फ हुंगून म्हणाला,
याला वासच नाही गो.

विशाखापट्टणमला फेकीत मी पडले. मनगट.
गुण वाचले जात होते तेव्हा
तो माझ्या बुटाची ओली गाठ दातांनी सोडवत होता.
किती मिळाले ते दोघांनीही ऐकलं नाही.

पुढे त्याच्या हळदीला गेले. डीजे, मंडप, अख्खं गाव.
नवरीने वाकून विचारलं, पाडलं का यांनी कधी?
मी पडले, म्हटलं. त्याने नाही पाडलं.
तिने हळदीचा हात माझ्या गालाला पुसला,
जरा जोरातच.

त्याच्या आधीच थांबलो होतो.
ना पाय मोडला, ना निरोपाचा कार्यक्रम झाला.
न्हावा-शेव्याला क्रेनवर भरती निघाली.
अर्जात "अनुभव" असा रकाना.
काय लिहू, त्याने विचारलं.
लिही, शेहेचाळीस किलो,
अकरा वर्षं, एकदाही न टाकता.
तो हसला, आणि रकाना मोकळा सोडला.

आता मी शिकवते.
स्वरांगी तनिशचा खांदा सोडत नाही,
वर गेली की पोतं होते.
तिला सांगते, श्वास वर ठेव,
खालचा अर्धंच उचलतो,
उरलेलं आपण.
तिला पटत नाही. मलाही चौथ्या वर्षी पटलं.

रात्री कधी केबिनमधून त्याचा फोटो येतो:
खाली कंटेनर काडेपेट्यांएवढे,
पाण्यापलीकडे नेरूळचे दिवे.
आज चाळीस टन, लिहितो.
तू जड होतीस.

मी "हं" एवढंच टाइप करते.
झाडू कुणीतरी नेलाय,
सकाळी शोधावा लागेल.