पाठीमागचं

निपाणीच्या वखारीत चंपाआत्ती दाराजवळ बसायची.
पान उचलायची, एकदा नाकाशी, एकदा उजेडाला,
म्हणायची: गर. काडी. भुका.
शब्दाच्या आधी पान ढिगात पडलेलं असायचं.
तिला कुणी शिकवलं नव्हतं,
शिंकांनी शिकवलं असेल.

रात्री घरी विड्या वळायची.
कट्ट्याला चिकटवायला कारखाना लेबलं द्यायचा:
तीन कंदील छाप, पिवळ्यावर तांबडं,
वर मराठी, खाली कन्नड,
दोन्हीकडं मालकाचं नाव जरा जरा वेगळं.
भाव? लेबलाला कसला भाव.
उरली ती फळीवर, डब्यांखाली.

कारखाना मिटला.
लेबलं रद्दीत गेली, किलोला साडेतीन रुपये,
ओली असली तर तीन.

मग इचलकरंजीचा एक वकील आला.
म्हणाला, नग कितीला?
कागदाला नग म्हणतात हे तेव्हा कळलं.
सरसकट दोन रुपये सांगितले
आणि तो गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो.

त्यानंतर उपाध्ये सर, भिंग आणि आखलेली वही.
कोरं, चांगलं, बरं, फाटकं. चार रकाने.
पुढच्या उन्हाळ्यात रकाने नऊ झाले:
एकट्या कोऱ्याचेच तीन,
अगदी कोरं,
कोरं खरं कोपरा दुमडलेला,
कोरं खरं उन्हात बसलेलं.
अगदी कोऱ्याला दीडशे, बऱ्याला वीस.
आणि छापखान्याची चूक झालेलं असलं,
तिसऱ्या कंदिलात वात छापायची राहिलेली,
तर अकराशे.
आत्तीनं ते भुक्यात टाकलं असतं.

तसलं एक माझ्याकडं निघालं, फळीवरचंच.
सरांनी उलटं केलं.
मागं पेन्सिलीनं:
मंगळवार २४०
बुधवार ३१०
गुरुवार ताप
शुक्रवार १९०
सर म्हणाले, लिहिलंय. दोन पायऱ्या खाली.

रात्री पोराचा खोडरबर घेतला.
फुंकर मारत, कागद फाटू नये म्हणून जपून.
पहिल्यांदा गुरुवार गेला.
सकाळी अकराशे मोजून घेतले,
त्यातून गॅसची शेगडी आली. अजून चालते.

परवा बाजारादिवशी सर भेटले.
आता उलटं झालंय, म्हणाले,
लोक मागचं लिहिलेलंच मागतात.
हिशेब असला तर चौपट,
बाईचं अक्षर असलं तर बोलायलाच नको.
चालतंय की, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग म्हटलं, एकदा दाखवा की ओ ते.
त्यांनी प्लास्टिकातून हळूच काढलं.
मी नाकाशी धरलं, मग उजेडाला.
पेन्सिल नाही. खरं दाब आहे,
तीनशेदहाच्या तीनचं पोट,
'ताप'चा काना, जोरात ओढलेला.

सरांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं.
खोडलेलं, म्हणाले,
वही उघडली, मिटली.
ह्याला अजून रकाना नाही.