मूळ गाव तैवान

रात्री भाच्याने ‘होय’ दाबलं
आणि झोपायला गेला.
पहाटे नवी सिस्टिम उठली ती बहिरी.

गुरुजींचा फोन सव्वासातला :
“एस्तेरबाई, नेट गेलेलं नाही,
नेट असतं हेच हे विसरलंय.”

स्कूटर गाडगे महाराज पुलाखाली लावली,
मेथीच्या जुड्या, पिळलेली धोतरं चुकवत
दोन जिने चढले.
तीन भिंती लाल फडक्यांतल्या वह्यांच्या,
चौथ्या भिंतीशी कॉम्प्युटर,
त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून उपरणं.
बुधवारी मोतीबिंदू काढलाय गुरुजींचा. काळा चष्मा.
वहीतलं दिसत नाही,
आणि वह्यांचे फोटो पलीकडच्या खोलीतल्या डिस्कवर.
खाली परतूरचे तिघे बसलेत,
स्टीलचा डबा मांडीवर घेऊन.

केबल काढली, फुंकली, परत खोचली.
(फुंकून काही होत नाही. गिऱ्हाइकाला धीर येतो.)
राउटरचे दिवे नीट.
मशीनच्या पाठीमागचा हिरवा ठिपका तेवढा मेलेला.
सेटिंगमध्ये वायरलेस नाही, वायर्ड नाही,
नुसती एक रिकामी चौकट,
पाहुणे यायच्या आधीच्या हॉलसारखी.

काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली.
बोर्डावर कोण कोण बसलंय
त्याची यादी घरंगळत आली,
तेराव्या ओळीत ते होतं :
१०ईसी, ८१६८.
कार्ड. जागच्या जागी. गरमसुद्धा.

“नंबर आहे ना, मग अडलं कुठे?”
म्हटलं, नव्या सिस्टिमने याला
८१६९च्या हवाली केलंय. चुलतभाऊ.
दोघांचं पटत नाही.
गुरुजी हसले नाहीत.
“होतं असं. निफाडचे शिंदे, नांदगावचे शिंदे,
एक पान चुकतं
आणि माणूस भलत्याच्याच आजोबाला पिंड देतो.”

खरा ड्रायव्हर नेटवर,
नेट ड्रायव्हरच्या पलीकडे.
पोहरा विहिरीत आणि दोरही विहिरीत.
मग माझाच फोन लावला मशीनला,
खिडकीच्या गजाशी धरला, नदीच्या बाजूला,
तिथे दोन कांड्या जास्त मिळतात.
अडतीस टक्के.
अडतीस टक्के.
हात अवघडला.

“तुमचं मूळ गाव?”
विचारायचं म्हणून नाही, जिभेची सवय.
शरणपूर, मी म्हटलं.
“त्याच्या आधीचं?”
पणजोबांच्या बाप्तिस्म्याची ओळ आहे
चर्चच्या रजिस्टरात, निळ्या शाईत.
तिथे ‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात
पाद्रीने आडवी रेघ मारलीय.
गुरुजींची मान भिंतींकडे वळली,
एकदा, दोनदा,
मग परत आली.
एकेचाळीस टक्के.

चुलतभावाला काळ्या यादीत घातलं,
खऱ्याला बोलावलं, मशीन बंद केलं, चालू केलं.
ठिपका लागला.
भाचा तोंडात ब्रश घेऊन दारात :
“आपोआप झालं?”
मी त्याच्याकडे पाहिलं फक्त.

पाचशे सांगितले, चारशे आले.
गुरुजींनी एक अरुंद वही ओढली,
नाक कागदाला टेकवून लिहायला लागले, मोठ्याने :
“कार्ड १०ईसी-८१६८. मूळ गाव...?”
तैवान, मी म्हटलं.
“तैवान. चुलत घराण्याशी व्यवहार नाही.
पुढच्या अपग्रेडला आधी हे पाहणे.
ज्येष्ठ वद्य चतुर्थी.
सांगणार, एस्तेर सॅम्युएल भालेराव, शरणपूर.”
वेलांटी चुकली होती. राहू दिली.

जिन्यात परतूरचे तिघे उठून उभे.
धाकट्याने डबा या हातातून त्या हातात घेतला :
“सापडलं का आमचं?”
कार्ड सापडलं, म्हटलं.
तुमचं वर बघा.