शिंक कोणत्या पट्टीत

कौतिक निंबाचा नवा पिक्चर
नुसता गाण्यांचा आहे म्हणे.
नुसता म्हणजे नुसता.
सालदार पगार मागेल तो गाण्यात,
पोलीस पाटील दम देईल तो गाण्यात,
आणि कुणाला मरायचं असलं
तरी पेटीचा सूर मिळेपर्यंत थांबायचं.

ही बातमी दोंडाईच्यात कुणी आणली?
मुश्ताक टेलर म्हणतो, मी.
त्याच्याकडे चाळीस झग्यांची मापं आलीत,
सगळे एका रंगाचे, मिरचीच्या ओल्या देठासारखे.
चाळीस बाया हिरव्या, म्हणजे शेत,
म्हणजे पीक नाचणार, असा त्याचा हिशेब.
"आन् कापनी व्हई तवय?" उखर्डूने विचारलं.
मुश्ताकने कात्री खाली ठेवली
ती दुपारभर उचलली नाही.

आम्ही सहा-सात जण,
मिरचीच्या पथारीवर, वजनकाट्यामागे, पोत्यांवर बसणारे,
कौतिकचे तिन्ही पिक्चर तोंडपाठ.
पहिल्यात एकाच गाण्यामागून तीच एसटी दोनदा गेली.
दुसऱ्यात कडवं संपेपर्यंत नायकाच्या शर्टाची बटणं बदलली.
तिसऱ्यात एकही चूक सापडेना,
म्हणून तो पडला.

मग भिलाजी बँडवाल्याकडून कळलं:
अकरा दिवस हवेत, ऐन लग्नसराईत,
पण ट्रम्पेट नको, झांज नको,
फक्त ढोल, आणि तोही
गोधडीत गुंडाळून.
झिपा म्हणाला, लढाई असेल, लांबची.
रमजू म्हणाला, पोटातलं बाळ असेल,
त्याला बाहेरचं असंच ऐकू येत असणार.
मी म्हटलं, पैसे संपले असतील.
माझ्याशी दोन दिवस कुणी बोललं नाही.

बँकेत बदली होऊन आलेला पोरगा हसला.
"माणूस उठता-बसता गातो का कधी?"
उखर्डू म्हणाला, साहेब,
तुम्ही कानबाईच्या रात्री आमच्या गल्लीत नव्हता.
आणि काका गेले तेव्हाही नव्हता.
चुलती मढ्यापाशी बसून चालीत रडत होती,
रडता रडता काकांची उधारी मोजत होती,
कुणाकडे किती, कोणत्या सालापासून,
एकही मात्रा न चुकवता.
तेराव्याच्या आत सगळे देऊन गेले.

मंगळवारी तो स्वतःच आला. कौतिक निंबा.
मोटरसायकलवर, मागे एक पोरगं,
पोराच्या हातात मांजरासारखा केसाळ माईक.
आम्ही उठून उभे राहिलो.
महिनाभर साठवलेले प्रश्न
एकालाही आठवेनात. कुणीतरी चहा सांगितला.

तो बायांना म्हणाला, गाऊ नका,
बोलू नका, माझ्याकडे पाहू नका.
त्याने दाताळ्याचा आवाज घेतला,
वाळलेल्या मिरच्या एकमेकींवर पडतात तो,
आणि मग शिंका.
अर्धा तास, नुसत्या शिंका.
सकरूबाईची त्याने परत मागितली.
"शिंक काय मांगीसन येस का, भाऊ?"
तो थांबला. उन्हात, टोपी नसताना, थांबला.
आली तेव्हा त्याने वहीत काही लिहिलं
आणि गेला. चहा तसाच राहिला,
त्यावर साय धरली.

आता झिपा म्हणतो, अपशकुन.
नायक उंबरा ओलांडणार, तेवढ्यात ती.
रमजूच्या मते तिथे गाणं सुरू होतं,
उखर्डूच्या मते तिथे संपतं.
बँकेचा पोरगाही जेवणाच्या सुट्टीत येतो,
पोत्यावर रुमाल अंथरून मत देतो.
मुश्ताकचे झगे न्यायला
अजून कुणी आलेलं नाही.

सकरूबाई यात पडत नाही.
पण हल्ली शिंक आली
की ती तोंडाला पदर लावत नाही.
मोकळी शिंकते, दाताळं टेकवते,
मान तिरकी करून ऐकत राहते
लाल मैदानाच्या पार टोकापर्यंत.

परवा तिकडून, शेवटच्या ओळीतून,
खरंच कुणीतरी शिंकलं.

"पट्टी चुकनी," उखर्डू म्हणाला.