बेलरची वही

दिवाळीची रांगोळी अजून उंबऱ्यात आहे
आणि वही पौषापर्यंत भरली.
धसईचे पष्टे, तीन एकर, माळ चढाचा.
टोकावड्याचे हरड, वरकस,
ट्रॅक्टर आत जातो का विचारून घेणे.
सरळगावच्या मावशी, फोन उचलत नाहीत,
पण निरोप दोनदा.
फक्की शेठ, भिवंडी, ऐंशी म्हशी:
"ताई, निघतील तेवढ्या गासड्या माझ्या,
दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."
शब्द मी तिघांना दिलाय.

मशीन दिराचं, अक्षर माझं,
कारण त्याचं त्यालाच लागत नाही.
पोरवर्षी लोक नुसते बघायला यायचे,
हात पाठीमागे बांधून,
जत्रेतला पाळणा बघावा तसे.
यंदा चहा अर्धा ठेवून तारीख मागतात.

पुढे रिपर जातो, शेडा आडवा पडतो,
तीन दिवस ऊन खातो.
मग दाताळं त्याच्या ओळी ओढतं,
मी घाईत भांग पाडते तशा, जराशा वाकड्या.
मागून बेलर, तोंड भुईला लावून.
गिळतो, दाबतो,
सुतळीच्या दोन गाठी मारतो
आणि चौकोनी कोमट गासडी
मागे ठेवून पुढे जातो,
वळून बघत नाही.

विळा धरणारे हात आहेत कुठे?
पोरं पडघ्याच्या गोदामात खोकी बांधतात,
पट्टी आवळून, चिठ्ठी चिकटवून,
पंख्याखाली, एक तारखेला पगार.
त्यांना बोलायचं तर कुठल्या तोंडाने?
माझा सख्खा भाऊ तिथेच आहे.

काल यमुना हिलम आली,
कातकरवाडीची.
चाळीस हंगाम तिने आमचा माळ कापला.
पेंढीला गवताचाच आळा,
दोन पिळे, एक मुरड, वर गुडघा.
तिची पेंढी वखारीपर्यंत कधी सुटली नाही.
मला वाटलं, भांडायला आली.
वाक्य जुळवून ठेवलं होतं मी:
टेम्पो भरायला माणसं लागतातच की.

ती काही बोलली नाही.
मशीनभोवती एक फेरी मारली,
गाठ मारणाऱ्या पोलादी चोचीपाशी थांबली.
भास्करने ट्रॅक्टर बंद ठेवून
चाक हाताने फिरवून दाखवलं.
चोच वळली, सुतळी धरली,
उलटी फिरली, सोडली.
"आजून येकदा."
परत.
"डावखोरी हाय," ती म्हणाली,
आणि हसली नाही.
मग वहीकडे बोट:
"माजं बी लिव."

वीस गुंठे, वनपट्ट्याची जमीन,
मागच्या साली नावावर झालेली.
सून गोदामात, मुलगा डोंबिवलीला.
तिचा गुडघा आता टेकत नाही,
टेकला तर उठत नाही.
हे तिने सांगितलं नाही,
चोचीपाशी वाकताना मला दिसलं.
जाता जाता म्हणाली,
"वरचा बांध तेवढा सोडा.
धोंडा हाय तिथं, दात मोडतील तुमचे."
मी लिहिलं:
हिलम, अर्धा तास, रोख, वरचा बांध सोडून.

मंगळवारी काम झालं. बत्तीस गासड्या.
टेम्पो भरत होता तोवर बांधावर गेले,
धोंडा नेमका कुठे, खूण करून ठेवावी म्हणून.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
पाय घासत चालले.
मऊ माती. कमरेइतका मारवेल,
आणि एका कडेला
हातभर जागा, ताजी कापलेली,
तिथे उभी एकच पेंढी,
दोन पिळे, एक मुरड.

धोंडा नव्हता.

वहीतलं खोडलं नाही मी.
पुढच्या हंगामाला वही कुणाच्या हातात असेल,
त्याला नीट दिसावं म्हणून
खाली दोन रेघा ओढल्या:
वरचा बांध. धोंडा आहे.