बाकी

सीवूड्सला सातव्या मजल्यावर
टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही.
इथे बसून मी मोजते
औशाजवळच्या सोयाबीनचा घाम.

उन्हातून आलं किती,
मातीत गेलं किती,
हवा तापवण्यात किती,
उरलेलं पानांनी वाफेवर उधळलं.
जमाखर्च सरळ आहे,
फक्त जुळत नाही.
शंभरातले पंधरा-सतरा रोज कुठे जातात
खांबावरच्या यंत्रांना माहीत नाही. मलाही.

सव्वीस ऑगस्ट, शेंगा भरत असताना,
दुपारी दोन ते साडेतीन
रान एकाएकी गार पडलेलं.
ऊन नाही. ढगही नाही.
चूक, असं म्हणत ओळ पिवळी केली
आणि इलाहीभाईंना फोन लावला.

ते जरा घुटमळले.
"म्याडम, त्या दिवशी फवारणी हुती.
शेवंताबाईच्या शर्टावर औषध सांडलं.
तिनं धुतला, आन् तुमच्या त्या आडव्या दांडीवर
वाळत टाकला. म्या काढाया लावला की लगीच."

लगीच म्हणजे दीड तास.

नियमाप्रमाणे ओळ गाळायची.
गाळली.
समासात मात्र पेन्सिलीने लिहिलं :
शर्ट, सुती, बहुधा नवऱ्याचा.
पाणी अंदाजे पाव लिटर.
पूर्ण उडालं.

रात्री टॉवेल काढून
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
कालच्यापेक्षा अकरा ग्रॅम कमी.
खिडकीतून खाडीचा वारा येत होता,
काठोकाठ भरलेला,
कुणाकडूनच काही न घेणारा.