डावीकडे, खाली

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली माझं टेबल.
वीस वर्षं मी इथं लोकांचं बोलणं बाँडवर बसवतो:
भाडेकरार, वाटणीपत्र, नाव बदलल्याची प्रतिज्ञा.
आज भरमा मुचंडीकर आला.
म्हणजे आधी त्याचा गुडघा आला, मग तो.

सोबत खासबाग युनियनचे सेक्रेटरी, इरण्णा मेटगुड,
हातात ई-स्टॅम्प, पिशवीत घडी केलेली एक नंबरची जर्सी.
"टाइप करा ओ," म्हणाले, "दहा वर्षांचं.
खेळणं संपलं त्याचं, आता आमच्याकडं राहील."
"राहून काय करायचं?"
इरण्णा जरा थांबले.
"दिसायचं."

तर मी बडवलं:
दर रविवारी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर हजेरी,
पोरांना हात कसे पसरायचे ते दाखवणं,
फायनलला पाहुण्यांशेजारची खुर्ची,
बॅनरवर फोटो, केस काळे असतानाचा.
महिना चार हजार. रिक्षाभाडं वेगळं.

मडगावच्या क्लबानं एका मोसमाला काय दिलं होतं
ते मला ठाऊक आहे,
आणि गल्लीनं तेव्हा काय शिव्या दिल्या तेही.
इरण्णांच्याच वडलांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवून
कॅरमच्या डुगडुगत्या पायाखाली सारला होता.

मराठीत करार, कन्नडात करारु.
एका उकाराएवढं अंतर,
त्यावरून इथं बसला काळं फासतात.
'आटगार' लिहिताना मात्र दरवेळी
मला आट्यापाट्या दिसतात,
पाणी ओतून आखलेल्या पाट्या, दुपारी वाळून गेलेल्या.
'निवृत्त' दोन्हीकडं सारखंच.

भरमा काही वाचत नव्हता.
उजव्या हातानं डाव्या हाताची करंगळी चोळत होता.
ती वाकडीच आहे, त्या फायनलपासून.
चिखल. शेवटची चार मिनिटं. मी डावा बॅक.
मी मागं दिलेला पास, आखूड,
पाण्यात बसून राहिला म्हशीसारखा.
त्यांचा पोरगा आला, हा झेपावला,
करंगळी लागली, तरी बॉल गेला.
पेपरात आलं: गोलकीपरची घोडचूक.
यानं कुणालाच काही सांगितलं नाही.
त्याच महिन्यात तो गोव्याला गेला,
मी टायपिंगच्या परीक्षेला बसलो.

"अजून एक कलम घाल," तो म्हणाला.
"रविवारी सगळे गेल्यावर दहा मिनिटं
गोल मला पाहिजे. नेट सोडायचं नाही."
"आणि बॉल कोण मारणार?" इरण्णा.
"कोण तरी मारील की."
इरण्णांनी मान हलवली, दोन्ही भाषांत.

प्रिंट निघाली, गरम.
त्याची सही मराठीत, त्यांची कन्नडात,
नोटरीचा शिक्का इंग्रजीत, थोडा तिरका.
एक साक्षीदार कमी पडला.
मी चहावाल्या पोराला हाक मारणार,
तोवर भरमानं पेन माझ्याकडं सरकवलं.
"तू कर की गा. तू होतास तिथं."

"कुठं करू?" मी विचारलं.
वीस वर्षं लोकांना मीच सांगत आलोय.

त्यानं वाकड्या करंगळीनं जागा दाखवली.